किनुएताईंकडच्या उशा

टपालवाला दहा मिनिटं उशिरा आला तरी किनुएताई दारात येऊन उभ्या राहायच्या. घाटात घसरला असेल, असं त्यांच्या मनाने पक्कं धरलेलं असायचं. तो आला की त्याच्यावरच डाफरायच्या, "अरे, कळवायचं तरी!" टपालवाला कुणाला कळवणार आणि काय कळवणार?

मी शेजारच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि त्या पस्तिशीच्या. तेव्हापासून आमची स्वयंपाकघरं एकच आहेत म्हणायला हरकत नाही. आमच्या नेझुबारा गावात चौदा लॉज. नावाला लॉज, खरं तर ती सगळी शेतकऱ्यांची घरं. उन्हाळ्यात भात आणि सोबा, म्हणजे कुट्टूचं धान्य, पिकवायचा, आणि डिसेंबरात डोंगरावरची लिफ्ट सुरू झाली की घर स्कीवाल्यांना देऊन आपण मागच्या खोलीत सरकायचं. किनुएताई बाविसाव्या वर्षी कुरोइवांच्या घरात आल्या, त्या पहिल्याच हिवाळ्यात सासूने त्यांच्या हातात तीस माणसांचा भात उपसायचा कालथा दिला. तो त्यांनी पुढे चाळीस-पंचेचाळीस हिवाळे खाली ठेवला नाही. एकुलता मुलगा नागोयाला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला.

पाहुणे बहुतेक टोकियोचे कॉलेजवाले. शुक्रवारी रात्रीची बस पकडायची, शनिवारी उजाडता उजाडता इथे उतरायचं, दोन दिवस बर्फात लोळायचं आणि रविवारी तीनच्या बसने परत. एकेका गटात पंधरा-वीस पोरं. किनुएताईंचा जीव रविवारी तीनपर्यंत टांगलेला. संध्याकाळी त्या बूट वाळवायच्या खोलीत जाऊन जोड मोजायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "पोरं मोजता येत नाहीत गं, हलतात. बूट हलत नाहीत."

त्यांचे यजमान शोझोभाऊ अगदी उलटे. आवाज मोठा, काळजी शून्य, आणि सोब्याचा भारी अभिमान. सोबा स्वतः पेरायचे, स्वतः दळायचे आणि शनिवारी संध्याकाळी पोरांसमोर पीठ मळून, लाटून, बारीक शेवया कापून दाखवायचे. त्या शेवयांसाठी लोक परत परत येत. दळताना जी टरफलं निघत ती वाया जात नसत, त्यांच्या उशा होत. आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शिवलेल्या. थंडगार, मानेखाली सळसळणाऱ्या. लॉजमध्ये अशा त्रेचाळीस होत्या.

तेरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका मुलाचा फोन आला. मी तेव्हा तिथेच मुळे किसत बसले होते, आणि किनुएताई फोन नेहमी सगळ्यांना ऐकू येईल असाच घेतात.

"काकू, मी मोरिवाकी. आमच्या गटाचं सगळं मीच बघतो. एकोणीस जण आहोत. पण एक गोष्ट आधीच सांगतो, मग तुम्ही हो-नाही ठरवा. आमच्यातल्या एका मुलीला सोब्याची ॲलर्जी आहे."

"मग तिला गव्हाच्या शेवया करू की! त्यात काय?"

"तसं नाही हो. एका पातेल्यात उकळलं तरी चालत नाही. पीठ हवेत उडालं तरी तिचा घसा सुजतो. शाळेत असताना दोनदा श्वास बंद पडायची वेळ आली होती."

मुलगा घाईघाईने पुढे बोलला, "तुमच्या गावातल्या तीन लॉजनी नको म्हणून सांगितलं. त्यांचंही बरोबर आहे. मिओरी म्हणते, माझं नाव काढा, तुम्ही जा. पण आमचं शेवटचं वर्ष आहे, काकू."

"तिची आई काय म्हणते?"

"ते... विचारलं नाही."

"आधी आईला विचार. मग मला फोन कर."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, आईचीच दोन पानी चिठ्ठी फॅक्सवर आली. काय चालतं, काय चालत नाही, अंगावर चट्टे उठले तर काय, खोकला सुरू झाला तर काय, सगळं नंबर घालून. शेवटची ओळ अशी होती: 'उशांचीही कृपया चौकशी करावी.' किनुएताईंनी ती चिठ्ठी उभ्या उभ्याच वाचली, मोरिवाकीला फोन लावला आणि माझ्याकडे आल्या.

"फुसा, मी हो म्हणून बसले."

"ताई! तुम्ही? लोकांचे बूट मोजणाऱ्या तुम्ही?"

"तिघांनी नाही म्हटलेलं गं. चौथ्यानेही नाही म्हणायचं म्हणजे..." त्या बोलता बोलता खालीच बसल्या. "आता ती पोरगी घरी पोचेपर्यंत मला झोप नाही, बघ."

शोझोभाऊंना सांगायची हिंमत त्यांनी दोन दिवसांनी केली. मी मुद्दाम तिथे थांबले होते.

"म्हणजे माझ्या घरात सोबा नाही करायचा?" भाऊ म्हणाले.

"दोन दिवस, अहो. फक्त दोन दिवस."

"एकीसाठी बाकीच्या अठरांनी काय गवत खायचं? माझ्या आज्याने या सोब्यावर सात पोरं वाढवली. कुणाचा घसा सुजला नाही!"

"तुमच्या आज्याच्या वेळी कुणी दम लागून गेलं तर त्याला वाऱ्याची बाधा म्हणायचे," किनुएताई म्हणाल्या. त्या कधी उलट बोलत नसत. भाऊ कोट घालून बाहेर निघून गेले. रात्री जेवायला आले तेव्हा म्हणाले, "मळायची परात फुसाच्या शेडमध्ये नेऊन ठेवतो. तिकडे मळीन. येताना कपडे बदलीन. झालं समाधान?"

झालं नव्हतं. चार दिवस आम्ही घर धुतलं. पातेली, चाळण्या, लाकडी झारे, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. पिठाचे डबे माझ्याकडे आणले. फळ्यांच्या फटींमधलं पीठ ओल्या फडक्याने टिपून घेतलं. एका डब्यावर बोट फिरवून किनुएताई ते उजेडात धरायच्या, मग परत फडकं. उशा मोठ्या काळ्या पिशव्यांमध्ये भरून मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कोठारात टाकल्या आणि शहरातून नव्या आणल्या, प्लास्टिकच्या नळीचे तुकडे भरलेल्या. शोझोभाऊंनी एक दाबून बघितली. "यावर डोकं ठेवायचं की पाय?" पण आपली उशी ते स्वतःच घेऊन गेले. "ठेवतो मी कोठारात. तू वाकू नकोस, तुझी कंबर दुखते."

किनुएताईंना ते ऐकून बरं वाटलं. मलाही वाटलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे बस आली. एकोणीस पोरं झोपाळलेली, केस उभे, नाकं लाल. मिओरी त्यात सगळ्यात लहानखुरी निघाली. कमरेला लाल पाऊच. पुढे येऊन वाकून नमस्कार करत म्हणाली, "ती कटकट म्हणजे मीच, काकू."

"कटकट कसली, बाळा! ये, ये आत."

न्याहारी झाल्यावर तिने आपणहून स्वयंपाकघरात येऊन तो पाऊच उघडला. आत जाड पेनासारखं इंजेक्शन होतं, आणि त्याच्यासारखंच दुसरं, सुई नसलेलं, सरावाचं. "नारिंगी टोक मांडीला. कपड्यावरूनच. जोरात. मग पाच आकडे मोजायचे," तिने स्वतःच्या मांडीवर करून दाखवलं. "लागणार नाही म्हणा. कधीच लागलेलं नाही. पण आई म्हणते, घरातल्या एकाला तरी दाखवून ठेव."

किनुएताईंना सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. गावात लस द्यायला नर्स येते तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करतात. पण त्यांनी ते सरावाचं पेन घेतलं आणि माझ्या मांडीवर चार वेळा करून बघितलं. चौथ्यांदा मी ओरडले, "ताई, सुई नाही म्हणून काय हाडात घालणार का?" मिओरी पोट धरून हसली.

शनिवार नीट गेला. जेवायला डुकराच्या मांसाचा रस्सा, भात, कोबी. शोझोभाऊ जरा घुश्शात होते, पण पोरांनी त्यांना पत्त्यांत ओढलं आणि ते हरायला लागले तसे खुलले. किनुएताई मात्र धड जेवल्या नाहीत. मिओरीने घास घेतला की यांचा घास हातात थांबायचा. ती खोकली तर या उठून उभ्या. एकदा ती पोरगीच म्हणाली, "काकू, आता मला मिरचीचा ठसका लागला. मिरचीची ॲलर्जी नाही मला."

रविवारी सकाळपासून वारा सुटला. बर्फ आडवं यायला लागलं आणि अकराच्या सुमाराला लिफ्टच बंद केली. पोरं हिरमुसून परत आली. बसला चार तास होते. कुणी आंघोळीला गेलं, कुणी पत्ते काढले. मिओरीला हुडहुडी भरली होती, ओठ निळसर. वरच्या खोल्यांतल्या गाद्या गुंडाळून झाल्या होत्या, म्हणून किनुएताई म्हणाल्या, "माझ्या खोलीत जा. टेबलाखाली शेगडी चालू आहे, रजईत पाय घाल आणि पड जरा. मी आल्याचं गरम पाणी आणते." मिओरीची मैत्रीण, तोकिको नावाची उंच मुलगी, तिला घेऊन आत गेली. मी आलं किसायला घेतलं. शोझोभाऊ बाहेर छतावरचं बर्फ खाली ओढत होते.

दहा मिनिटं झाली असतील. आतून खोकला ऐकू आला. साधा खोकला. किनुएताईंचा हात थांबला. पुन्हा खोकला, मग पुन्हा, आणि मधल्या श्वासाला एक बारीक शिट्टीसारखा आवाज. मला तो ऐकूही आला नव्हता. ताई किटली तिथेच ठेवून धावल्या.

मी मागोमाग गेले. मिओरी उठून बसली होती, दोन्ही हात गळ्यावर. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, मानेवर लाल चट्टे. तोकिको तिची पाठ चोळत होती, "पाणी पी, पाणी पी," म्हणत. किनुएताईंनी मिओरीला आडवं करायला तिच्या मागची उशी ओढली आणि ती उशी सळसळली.

तो आवाज आम्ही दोघी झोपेत ओळखू. उशीला नवा, फुलांचा अभ्रा होता. पण आत सोबा होता.

ताईंनी ती उशी खिडकी उघडून बाहेर बर्फात फेकली. "ही कुठून आली?"

"कपाटातून... नवी होती, काकू, मला वाटलं..." तोकिको म्हणाली.

"पाऊच कुठे आहे?"

"तिच्या जाकिटात... वर... नाही, बसच्या बॅगेत..."

"वाळवायच्या खोलीत, तिसऱ्या खुंटीला," किनुएताई म्हणाल्या. दोन दिवस त्यांची नजर त्या लाल पाऊचवरून हललीच नव्हती. मी धावले. आणला. तोकिकोने पेन हातात घेतलं आणि ते तिच्या हातून सुटलं. किनुएताईंनी ते उचललं. त्या रडत होत्या, हुंदके देऊन, अगदी लहान मुलीसारख्या, आणि रडता रडता सगळं बरोबर करत होत्या. टोपण काढलं, नारिंगी टोक मांडीला लावलं, दाबलं. मोठ्याने पाचपर्यंत मोजलं. मग मला म्हणाल्या, "फोन."

आमच्याकडे रुग्णवाहिका अग्निशमन केंद्रच पाठवतं; तिथला माणूस शांतपणे बोलत होता. रुग्णवाहिका निघाली होती, पण खालच्या वळणावर बर्फ घसरून रस्ता अडला होता. तिकडचं यंत्र येऊन वाट काढेपर्यंत चाळीस मिनिटं तरी. मी विचारलं, इंजेक्शन किती वेळ पुरतं? तो म्हणाला, "पंधरा-वीस मिनिटं धरा. त्यानंतर त्रास पुन्हा वाढू शकतो."

आमचे हे गावाच्या बर्फ काढायच्या यंत्रावर असतात. त्या वेळी देवळापाशी यंत्र उभं करून चहा पीत होते. मी फोन केला, त्यांनी एकच विचारलं, "व्हॅनला साखळ्या आहेत का चाकांना?"

"आहेत."

"मग मी पुढे, तू मागे. माझ्या पिवळ्या दिव्यावरून नजर काढू नकोस. बाकी काही बघू नकोस."

लॉजची व्हॅन मी चालवली. पुढे माझ्याशेजारी मोरिवाकी, अग्निशमन केंद्राशी फोनवर. मागे मिओरी आडवी, पाय गाद्यांच्या ढिगावर, डोकं किनुएताईंच्या मांडीवर. ताईंच्या अंगावर स्वयंपाकाचा एप्रन आणि पायात रबरी चपला, कोटसुद्धा नाही. फाटकातून निघताना मला शोझोभाऊ दिसले. शिडीवरून उतरून नुसते उभे होते. किनुएताईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. बोलल्या नाहीत.

रस्ता पांढरा, कडा पांढरा, आभाळ पांढरं. मला फक्त तो पिवळा दिवा दिसत होता, फिरणारा. कधी तोही नाहीसा व्हायचा, मग परत दिसायचा. मागे पोरीचा श्वास जरा मोकळा झाला होता. ताई तिच्याशी बोलत होत्या. काय वाटेल ते. "परीक्षा कधी आहे गं? बोलू नकोस, बोलू नकोस, नुसतं बोट दाब. पुढच्या आठवड्यात? अवघड विषय आहे? हो? मला तर आकडेमोड कधीच जमली नाही. दाब, बोट दाब. अशी."

मोरिवाकी पुटपुटायला लागला, "मी आणायलाच नको होतं. मीच हट्ट केला. मीच..."

"ए मुला," ताई मागून म्हणाल्या, "नंतर रड. आता त्यांना सांग, बोगदा गेला."

बोगदा गेला आणि दोन वळणांनंतर यंत्र थांबलं. पुढे रस्ताच नव्हता. कड्यावरून आलेल्या बर्फाची भिंत, माणसाच्या दीडपट उंच. यांनी यंत्र तिच्यात घातलं. मी काच खाली करून बघत होते, तेवढ्यात मागचा आवाज बदलला. ती शिट्टी परत आली होती.

"फुसा," ताई म्हणाल्या. एवढंच.

मी मागे वळून बघितलं. मिओरीचे ओठ राखाडी झाले होते आणि छाती आत ओढली जात होती. डोळे उघडे, ताईंवर रोखलेले. दुसरं इंजेक्शन नव्हतं. आमच्याकडे काहीच नव्हतं. ताईंनी तिला उचलून बसतं केलं, तिची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि स्वतः सावकाश श्वास घ्यायला लागल्या, मोठा, आवाज करून, जणू तिच्या वाट्याचाही आपणच घेऊ. "माझ्याबरोबर. आत. सोड. माझ्याबरोबर." बाहेर यंत्राचा खडखडाट. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मोरिवाकी नंतर म्हणाला, सहा मिनिटं. मला वाटतं, तो चुकला असावा.

मग त्या भिंतीच्या माथ्यावर एक हेल्मेट दिसलं. रुग्णवाहिकेतले दोघे वाट निघायची न थांबता बर्फावरून चढून आले होते, एकाच्या पाठीवर ऑक्सिजनची पिशवी, दुसऱ्याच्या हातात पेटी. कंबरेइतक्या बर्फात घसरत, पडत खाली आले. व्हॅनचं दार सरकवलं, मिओरीच्या तोंडावर मास्क बसवला, फोनवर डॉक्टरांना विचारून हाताला सुई लावली. सुई लावताना किनुएताई बघत होत्या. तोंड फिरवलं नाही.

वीस मिनिटांनी यांनी एका गाडीपुरती वाट काढली. ताई रुग्णवाहिकेत चढल्या. मी माझा कोट काढून त्यांच्या अंगावर टाकला, तो त्यांना कळलाही नाही.

मी घरी परतले तेव्हा पोरं जेवणघरात गोळा होऊन बसली होती. शोझोभाऊ अंगणात होते, डोक्यावर टोपी नाही, दोन्ही हातांत ती उशी. केसांत बर्फ साचलेलं.

"माझीच आहे," ते म्हणाले. "त्या प्लास्टिकवर मान धरते माझी. दोनच रात्री होत्या. म्हटलं, आमच्या खोलीत कोण येतंय? अभ्रा बदलून कपाटात ठेवली." मग त्यांनी विचारलं, "जिवंत आहे का?"

"होती, मी निघाले तेव्हा," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी पाचला ताईंचा फोन आला. पोरीचा धोका टळला होता. मी जेवणघरात सांगितलं तेव्हा ती उंच तोकिको जमिनीवर बसली आणि ओकली. बाकीच्यांनी तिला सावरलं, फरशी पुसली. बस केव्हाच निघून गेली होती. त्या रात्री पोरं तिथेच राहिली.

सोमवारी मिओरीची आई टोकियोहून आली. शोझोभाऊ आणि किनुएताई दवाखान्यात गेले, मी गाडी चालवायला बरोबर. शोझोभाऊंनी तिथल्या व्हरांड्यात, लोक येत-जात असताना, गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं आणि उशीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. 'चुकून' हा शब्द वापरला नाही. किनुएताई त्यांच्याशेजारी तशाच वाकल्या.

मिओरीची आई म्हणाली, "उठा. लोक बघतायत." आणि नंतर, "तुम्ही खोली दिलीत, इंजेक्शन दिलंत, हे मला कळतं. पण आज मी तुमचे आभार मानू शकत नाही. मला जमणार नाही."

"मानूही नका," किनुएताई म्हणाल्या.

मला त्या बाईचा राग आला नाही. माझी मुलगी असती तर मी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.

मिओरी बुधवारी घरी गेली. शोझोभाऊंनी कोठारातल्या सगळ्या उशा शेतात नेऊन जाळल्या, आपली सगळ्यात आधी. त्यानंतर वीस-बावीस दिवस त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. "फुसा, त्यांना सांग, आंघोळीचं पाणी तापलंय." "फुसा, तिला सांग, मला माहीत आहे." मधे एक टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोघं आणि मी निरोप्या. एके दिवशी मी वैतागून म्हणाले, "आता मी घरी चालले, तुम्ही भिंतीला सांगा." तेव्हा ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या इतक्या रडल्या की भाऊ उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. पेला हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "मी तुझं ऐकलं नाही." एवढंच. पुढे बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखा मोठा आवाज भाऊंनी परत कधी काढला नाही.

डिसेंबरात मोरिवाकीचा फोन आला. गटातली धाकटी पोरं यंदा यायचं म्हणत होती, आणि नोकरीला लागलेल्या तिघा-चौघांनाही यायचं होतं. मिओरीसुद्धा त्यात होती. "तिनेच विचारायला सांगितलंय, काकू."

किनुएताई म्हणाल्या, "तिला म्हणावं, नको. बाकीच्यांनी या. तिला नको."

"काकू, ती रागावलेली नाहीये. तिला खरंच—"

"ती रागावली नाही, माहीत आहे मला. मलाच झेपणार नाही, बाळा. मी म्हातारी झाले."

गावात यावरून बोलणं झालं. मोठ्या मनाने बोलवायला हवं होतं, असं काहींचं मत पडलं. मला तसं वाटलं नाही. तीन लॉजनी नाही म्हटलेलं असताना हो म्हणणं त्यांनी एकदा करून बघितलं होतं. दुसऱ्यांदा त्यांना हो म्हणवेना, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं.

मिओरी मे महिन्यात आली. एकटीच, न कळवता, सकाळच्या बसने. डोंगरावर वरच थोडं बर्फ उरलं होतं, खाली सगळं हिरवं. तिने दारावर टकटक केली नाही. अंगणातल्या बाकावर बसली आणि हाक मारली, "काकू! मी आत येत नाही. तुम्ही बाहेर या."

किनुएताई बाहेर आल्या. दोन तास त्या बाकावर बसल्या होत्या. मिओरीने घरून आणलेले भाताचे मुटके खाल्ले. नव्या नोकरीबद्दल सांगत होती, साहेब कसा आहे, घर कसं छोटं आहे, आईने अखेर एकटीला यायची परवानगी कशी दिली. मी माझ्या वाफ्यात पालक खुडत होते, मला हसू ऐकू येत होतं. शोझोभाऊ घराच्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले होते, तिने बोलावलं तरी पुढे आले नाहीत. लांबूनच वाकून नमस्कार केला. तिनेही उठून केला.

बस गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली हो एवढी?"

"कुणास ठाऊक," किनुएताई म्हणाल्या. "मी ऐकलंच नाही गं. ती बोलत होती आणि मी नुसती बघत होते, श्वास नीट घेतेय का ते. शेवटी तिच्याच लक्षात आलं. माझा हात धरून म्हणाली, काकू, मी ठीक आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असशील. पण बोलताना मधे मधे थांबत जा."